अर्धवट ओला कागद

वाई, रविवार

प्रिय मुकुंदा,

"गोष्ट फाडून टाकली, वही इतकी घाण झाली होती की मलाच वाचवेना." एवढं एक वाक्य लिहून तू लगेच पावसावर घसरलास! तीन महिने घासलेली गोष्ट रे. निदान रद्दीत तरी घालायचीस.

आता माझं ऐक. गेल्या रविवारी मेणवलीच्या घाटावर चित्र काढत बसलो होतो. कृष्णेच्या पाण्याचा निळा-करडा हात फिरवला आणि ब्रश उचलताना एक टपोरा थेंब बरोब्बर नदीवर पडला. तू रंगातला नाहीस म्हणून सांगतो. कागद पूर्ण ओला असता तर थेंब विरून गेला असता, खडखडीत वाळलेला असता तर टिपता आला असता. अर्धवट ओल्यात मात्र ते पाणी रंगाचे कण बाहेर ढकलत नेतं आणि कडेला दातेरी रेघ सोडतं. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग. रुमालाने पुसायला गेलो तर कागदाचे बोळे निघायला लागले. शिव्या घालत चहाला गेलो.

परत आलो तर डागाच्या जागी पाणी खडकावर फुटत होतं! चित्र काही फार ग्रेट नाही, पायऱ्या वाकड्याच आहेत. पण नदी वाहतेय. घरी आल्यावर तसाच डाग मुद्दाम पाडायला गेलो. पाच कागद वाया गेले. तीनदा विरला, दोनदा नुसता चिखल. सहाव्याला कळलं, कागदावरची चमक जाते ना, नेमकी तेव्हाच थेंब सोडायचा. हे मला कुणी शिकवलं नसतं, आणि शिकवलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

रवींद्रनाथ कवितेत खोडलेले शब्द रेघांनी एकमेकांना जोडत जायचे. 'पूरबी' या संग्रहाच्या वहीत त्यातून पक्षी निघाले, कुठली कुठली जनावरं निघाली. १९२४ साली अर्जेंटिनात तिथली लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो हिने ती वही पाहिली, आणि १९३० मध्ये तिच्याच खटपटीने पॅरिसला त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं. सत्तरीला टेकलेला माणूस! अर्थात माझ्या फ्लॉवरला पॅरिस दाखवायला कुणी येणार नाहीये.

पण तुझ्या गोष्टीतली ती पोस्टातली म्हातारी मला अजून आठवते. फोनवर वाचताना तू अडखळलास. म्हणालास, "थांब, इथे 'आजी' खोडून 'आत्या' केलंय, परत खोडून 'आजी' केलंय." मनिऑर्डर घ्यायला आलेली ती बाई नक्की कुणाची कोण आहे, हे तुलाच ठरवता येत नव्हतं. मला गोष्ट लागली ती तिथेच. सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहायला बसलास तर पहिल्यांदा तेवढंच गाळशील, ओळखतो मी तुला.

वहिनींना विचार, केराची टोपली रिकामी केली का. केली नसेल तर तुकडे पाकिटात कोंब आणि पाठव. डिंक आहे माझ्याकडे.

तुझा,
सदा