सिरॅमिक पॅडने घाट सपाट होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत ब्रेकच्या सिरॅमिक पॅडवर अर्धं पान आलं. पॅड म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला, म्हणजे चकतीला, दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवणारे तुकडे. रोजच्या वापराला हे पॅड चांगले, इथपर्यंत माझी काहीच हरकत नाही. दीड वर्ष झालं, मीही तेच वापरते. पण त्याच दमात असंही छापलंय की हे पॅड टाकले की गाडी लवकर थांबते आणि घाटात ब्रेक जायची भीती उरत नाही. सोमवारी सकाळी सातला माझ्या दिरांचा फोन आला, ‘वहिनी, सात सीटवालीला पण टाकून घेतो, मग बिनघोर गडावर जाऊ.’ गड म्हणजे सप्तशृंगीचा, आणि गाडीत आमच्या सासूबाईंसकट आठ माणसं. म्हणून हे पत्र.

मी अमळनेरला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते आणि राहते धुळ्यात. जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर, आठवड्याचे सहा दिवस, छोटी पांढरी पेट्रोल गाडी. रस्ता सपाट. आडवे येतात ते गतिरोधक, शेळ्या, दिवाळीनंतर कापसाने टम्म फुगलेल्या ट्रॉल्या आणि मंगळवारी मंगळग्रह मंदिराची गर्दी. म्हणजे ब्रेकवर पाय सारखा, पण हलका. दोन वर्षांपूर्वी हा ब्रेक असा किंचाळायला लागला, की गाडी फाटकात दिसायच्या आधीच वर्गात वह्या उघडलेल्या असायच्या. पुढच्या चाकांवर काळी भुकटी बसायची ती वेगळीच. रविवारी धुवावी, बुधवारी पुन्हा तव्यासारखी काळी.

पार्ट्सच्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने सोनेरी अक्षरांचा खोका पुढे केला. ‘ताई, हाई टाका, गाडी जागेवर उभी राही जाई.’ पुरावा म्हणून मोबाइलवर शर्यतीच्या गाडीची लालबुंद डिस्क दाखवली. मी म्हटलं, बाळा, ती डिस्कच कार्बन-सिरॅमिकची, आपली बिडाची. आपण बदलतोय तो फक्त पॅड. मग त्याने चारही चाकांचा हिशेब मांडला. माझ्या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहे, तिथे पॅड नसतोच, ड्रमला आतून घासणारा लायनर असतो. हे त्याला दुकानाबाहेर आणून, चाकात वाकून दाखवावं लागलं. शेवटी तो म्हणाला, ‘साहेबांना विचारून या ना.’ आमच्या साहेबांना बॉनेट कुठून उघडतं तेच अजून मला विचारावं लागतं.

तरी खोका घेतला. साधा संच पंधराशेला होता, हा एकोणतीसशेला पडला, पुढच्या दोन्ही चाकांचा मिळून.

आमच्या गॅरेजवाल्या काकांनी खोका बाजूला ठेवला आणि आधी चाक काढलं. डाव्या चाकाचे जुने पॅड माझ्या तळहातावर ठेवले. आतला घासून २ मिलिमीटर उरलेला, बाहेरचा ६. एकाच चाकाचे, एकाच दिवशी बसवलेले. कॅलिपर, म्हणजे पॅडना डिस्कवर दाबणारा चिमटा, ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यातली एक पार जाम झाली होती. रबरी टोपी फाटलेली, आत पावसाळ्यातली काळी माती सुकून सिमेंट झालेली. शिवाय पॅड धरून ठेवणारी एक पत्र्याची क्लिप गायबच होती. अर्धी किंचाळी तिथली होती. ते तसंच ठेवून वर एकोणतीसशेचे पॅड टाकले असते, तर ते दोन महिन्यांत तसेच ओरडले असते आणि मी सिरॅमिकच्या नावाने खडे फोडले असते. काकांनी पिना घासून ग्रीस लावलं, टोपी आणि क्लिपा नव्या टाकल्या, मगच पॅड. आपल्या अर्ध्या पानात पिनेचा उल्लेखही नव्हता.

आता सिरॅमिक म्हणजे काय? कपबशीसारखी चिनी माती नव्हे (हा प्रश्न आमच्या स्टाफरूममध्ये खरंच आला). सेमी-मेटॅलिक पॅडमध्ये लोखंड-पोलादाचा चुरा आणि तार भरपूर असते. तो उष्णता झेलतो, पण डिस्कला जास्त खातो, आवाज करतो आणि काळी भुकटी सोडतो. सिरॅमिकमध्ये पोलादाऐवजी सिरॅमिकचे तंतू, इतर भराव, कशात थोडं तांबं, आणि हे सगळं धरून ठेवणारं रेझिन, म्हणजे डिंकासारखा चिकट पदार्थ. हा डिस्कला कमी घासतो आणि शांत असतो. भुकटी यालाही पडते, पण ती फिकट असते आणि चाकाला तेवढी चिकटत नाही. माझी चाकं आता पंधरा दिवसांनी धुतली तरी चालतात. गावात आणि सपाट रस्त्यावर हलक्या गाडीला यापेक्षा जास्त काय हवं? जास्तीचे चौदाशे रुपये मी शांततेचे आणि डिस्कच्या आयुष्याचे दिले. गाडी लवकर थांबावी म्हणून दिले नाहीत.

लवकर थांबण्याचं गणित वेगळं आहे. जोरात ब्रेक मारल्यावर तुमचं चाक जाम होत असेल, किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर पॅडल पायाखाली थरथरत असेल, तर ब्रेकने आपलं काम पूर्ण केलं. त्यानंतरचं काम टायर आणि डांबराचं. ताशी ६० किलोमीटरला कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरची गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण २० मीटरमध्ये थांबते, आणि ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदात तीच गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते. त्या १७ मीटरला कुठलाही पॅड हात लावू शकत नाही. गुळगुळीत टायरवर महागडे पॅड घालून हिंडणारे आमच्या कॉलनीतच तीन आहेत.

राहिला घाट. माझं माहेर कन्नडचं. चार वर्षांपूर्वी माहेरहून परतताना, तेव्हाच्या साध्या पॅडवर, चाळीसगावचा घाट उतरत होते. पुढे एक टँकर मुंगीच्या पावलाने चाललेला, मागे मी तिसऱ्या गिअरमध्ये, पाय सतत ब्रेकवर. मे महिना, दुपार. खाली येता येता जळका वास आला आणि पॅडल मऊ लागलं. पुढच्या वळणाला ते जवळजवळ फरशीपर्यंत गेलं. पॅडल पंप करत, पहिल्या गिअरवर आणत गाडी कडेला घेतली आणि चाकामागे दगड लावून अर्धा तास बसून राहिले. दोन्ही मुलं मागच्या सीटवर चिप्स खात होती. त्यांना आजही ती सहल वाटते.

वर्गातल्या मुलांना मी आता हेच उदाहरण घालते. माणसं धरून गाडी १,२०० किलोची, उतार ३०० मीटरचा. सगळा भार ब्रेकवर टाकला, तर साधारण ३५ लाख ज्यूल उष्णता त्या दोन डिस्क आणि दोन ड्रमना पचवायची असते. म्हणजे नळाचं दहा लिटर पाणी उकळेल एवढी. पॅडल मऊ होऊन खाली जातं तेव्हा पायाचा दाब चाकापर्यंत नेणारं पाइपातलं ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झालेली असते, आणि पाय नुसती ती वाफ दाबत बसतो. पॅडल कडक राहतं आणि तरी गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड तापून पकड सोडत असतो. माझं पहिल्या प्रकारचं होतं. ऑइल पाच वर्षं बदललेलं नव्हतं, काकांनी बाटलीत काढून दाखवलं तर काळ्या चहासारखं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट-४ प्रतीचं (प्रत डबीवर लिहिलेली असते) ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १५५वर येते. डॉट-३चे आकडे २०५ आणि १४०. ते साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं, पॅड कुठलाही असो.

भरलेली जड गाडी रोज घाट उतरत असेल, तर तिला सिरॅमिकपेक्षा चांगला सेमी-मेटॅलिक बरा, ओरडला तरी चालेल. आणि सगळ्यात आधी दुसरा गिअर, म्हणजे इंजिनच गाडीला आवरून धरतं. ‘पेट्रोल वाचतं’ म्हणून उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांनी एवढंच बघावं, की आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारं पेट्रोल जवळपास बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं.

खोक्यावर ‘सिरॅमिक’ लिहिलंय म्हणून आत काय आणि किती आहे, ते कळत नाही. पॅडच्या कडेला किंवा पाठीवर बारीक कोड असतो, बऱ्याचदा त्याच्या शेवटी इंग्रजी दोन अक्षरं. पहिलं साध्या तापमानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्या वर ०.५५ पर्यंत. माझ्या पॅडवर एफ-एफ आहे. दुकानात चष्मा लावून वाचलं, तेव्हा तो मुलगा म्हणाला, ‘ते कंपनीवाल्यांचं काहीतरी असतं.’

नवे पॅड टाकल्यावर पहिल्याच दिवशी करकचून ब्रेक मारू नयेत, हेही आपल्या मजकुरात नव्हतं. मी पहाटे मोकळ्या रस्त्यावर ६०वरून १५पर्यंत वेग हळूहळू उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये डिस्क गार होऊ द्यायची, असं वीसेक वेळा केलं. त्याने पॅडचा पातळ, सारखा थर डिस्कवर बसतो.

दिरांच्या गाडीचं ऑइल शनिवारी बदलायला टाकलंय, पॅड आहेत तेच ठेवलेत. आपण येत्या रविवारी घाटाबद्दलचं ते वाक्य तेवढं दुरुस्त करून छापावं. माझं नाव मात्र छापू नका. त्या पार्ट्सच्या दुकानदाराची मुलगी यंदा माझ्याच वर्गात आहे, आणि घर्षणाचा धडा अजून व्हायचाय.

आपली,
एक वाचक, धुळे