‘स्टील बोन’ सांगून विकलेल्या कॉर्सेटमध्ये प्लास्टिक: पूर्ण परताव्याची मागणी

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: कॉर्सेट, पिसांचे पंखे आणि स्टॉकिंग वर्णनाप्रमाणे नसल्याबद्दल आणि परतावा नाकारल्याबद्दल

महोदय,

पणजीतील एका हौशी महिला पथकाच्या वेशभूषेचे काम आम्ही पाहतो. कार्निव्हलच्या दिवसांत सादर करायच्या बर्लेस्क धाटणीच्या (वेशभूषा एकेक करून तालावर उतरवायच्या) नाचासाठी तुमच्या ऑनलाइन दुकानातून सहा कॉर्सेट (नाडीने आवळून कंबर बारीक करणारी ताठ चोळी), शहामृगाच्या पिसांचे दोन पंखे आणि मागे शिवण असलेल्या स्टॉकिंगचे बारा जोड मागवले होते. तिन्ही वस्तू वर्णनाप्रमाणे नाहीत. तुमच्या प्रतिनिधीने मात्र ‘नाडी जास्त आवळल्याने नुकसान झाले’ असे लिहून परतावा नाकारला. हे कारण चुकीचे आहे.

आधी आवळण्याचा हिशेब. नाचणाऱ्या मुलींची कंबर 30 इंच, म्हणून 26 मापाचे कॉर्सेट घेतले. तुमच्याच तक्त्यात तसे लिहिले आहे. बांधताना मागे वरपासून खालपर्यंत दोन इंचांची सारखी फट ठेवली. म्हणजे कंबर घेरात दोन इंचांनीच कमी झाली. कॉर्सेट पहिल्यांदा अंगावर घेताना एवढेच आवळायचे असते, पुढे कापड अंगाला बसत गेल्यावर थोडे थोडे वाढवायचे. एवढ्याने चांगल्या कॉर्सेटचा एक टाकाही हलत नाही. तुमच्या सहापैकी चार कॉर्सेटची शिवण कंबरेपाशी फाकली.

फाकण्याचे कारण कापडात आहे. पानावर ‘कॉटन कूटील’चे अस्तर लिहिले होते. कूटील म्हणजे दाट, हेरिंगबोन विणीचे सुती कापड. ते ताणले तरी वाढत नाही, म्हणूनच कॉर्सेटसाठी वापरतात. एका कॉर्सेटची बाजूची शिवण उसवून पाहिली, तर वर पॉलिएस्टर सॅटिन आणि आत शर्टाच्या अस्तराइतके पातळ मिश्र कापड. सॅटिनचे धागे ताणाखाली सरकतात. दोरा तुटलेला नाही, टाके जागच्या जागी आहेत, पण टाक्याशेजारचे उभे धागे बाजूला होऊन जाळी दिसते. फोटो क्रमांक 3 मध्ये हे स्पष्ट आहे. त्यात कंबरपट्टी अजिबात नाही. कंबरेच्या सर्वांत अरुंद रेषेवर आतून साधारण दोन सेंटिमीटर रुंदीची घट्ट विणीची पट्टी आडवी शिवतात. कंबरेचा सगळा ताण ती घेते आणि कापडावर येऊ देत नाही. ती नसल्यामुळे 26 इंचांचे कॉर्सेट एका तालमीनंतर साडेसत्तावीस भरले.

आता बोन, म्हणजे कॉर्सेटला ताठ ठेवणाऱ्या आतल्या पट्ट्या. वर्णनात ‘बारा स्पायरल स्टील बोन’ लिहिले आहे. हे तपासायला उसवावेही लागत नाही, कापडावरून साधे लोहचुंबक फिरवले की कळते. चुंबक फक्त पुढच्या बस्कवर (खुंट्या आणि कड्यांनी जोडायच्या धातूच्या पट्ट्या) आणि मागे आयलेटवर, म्हणजे नाडी ओवायच्या धातूच्या भोकांवर, व त्यांच्या दोन्ही बाजूंच्या सपाट पट्ट्यांवर चिकटते. बाजूंच्या सगळ्या नेफ्यांवरून ते घसरून जाते, कारण आत सहा मिलिमीटर रुंद प्लास्टिकच्या पट्ट्या आहेत. स्पायरल स्टील दोन्ही दिशांनी वाकते, म्हणून बाजूच्या वळणदार शिवणींत ते घालतात. सपाट स्टील एकाच दिशेने वाकते, म्हणून त्याची जागा पाठीमागे, आयलेटजवळ. तुमच्या पट्ट्या अंगाच्या उबेने आणि दिव्यांच्या उष्णतेने मऊ पडल्या आणि कंबरेपाशी घडी पडून तशाच राहिल्या. त्या घडीचे टोक बरगडीखाली रुतते. नाचणारी पुढे वाकली की ते थेट कातडीला लागते. कॉर्सेटसाठी चांगले सिंथेटिक बोनही मिळते, ते वाकून परत सरळ होते, आणि तसे लिहून विकले असते तर आमची हरकत नव्हती. तुम्ही पैसे स्टीलचे घेतले आहेत.

मागच्या ज्या दोन पट्ट्या खरोखर स्टीलच्या आहेत, त्यांची टोके कापून तशीच सोडली आहेत. टोकांवर धातूची टोपी बसवायची असते आणि पट्टी नेफ्यापेक्षा सुमारे एक सेंटिमीटर आखूड ठेवायची असते, म्हणजे हालचालीत तिला सरकायला जागा राहते. इथे पट्टी नेफ्याच्या तोंडापर्यंत ठासलेली आहे. दोन कॉर्सेटमध्ये ती खालच्या काठातून बाहेर आली आहे.

पुढच्या बस्कबद्दल वेगळे लिहावे लागते, कारण आमच्या कामात तोच सर्वांत महत्त्वाचा भाग. बर्लेस्कमध्ये हातमोजे, स्टॉकिंग, कॉर्सेट एकेक करून तालावर उतरवायचे असते. आधी मागची नाडी सैल करायची, मग पुढच्या दोन्ही कडा जवळ आणून खुंट्या कड्यांतून एकामागून एक सोडवायच्या. हे सरावाने दोन-चार ठोक्यांत होते. तुमच्या बस्कमध्ये वरून तिसरी खुंटी तिच्या कडीपेक्षा तीन मिलिमीटर खाली बसवली आहे. लावताना कापडाला चुण्या पडतात आणि सोडवताना नेमकी तीच अडकते. ऐन नाचात खुंटी अडकली की ताल गेलाच.

आयलेट लोखंडाचे आहेत आणि वरून पातळ मुलामा. मागे वॉशर नाही, नुसते कापडात ठोकले आहेत. त्यामुळे नाडी ओढली की निघून येतात. गोव्याची हवा तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो: समुद्राकाठी हवेत मीठ असते, पावसाळ्यात कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागतात. इथे असे लोखंड टिकत नाही. गंजाचे तपकिरी डाग नाडीवर आणि फिक्या सॅटिनवर उतरले आहेत आणि ते धुऊन जात नाहीत. पितळेचे, मागे वॉशर असलेले आयलेट लावायला हवे होते. नाडीही तीन मीटरची सॅटिनची फीत आहे. एवढ्या उंच कॉर्सेटला पाच ते सहा मीटर लागते, आणि सॅटिनची गाठ सुटते.

पंख्यांचा प्रश्न तितकाच गंभीर आहे. शहामृगाच्या पिसांच्या पंख्यांचा नाच अमेरिकन नर्तकी सॅली रँड यांनी 1933 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात गाजवला आणि तेव्हापासून तो या कलेची ओळख झाला. त्या नाचात पंखा अंगाभोवती पाण्यासारखा वाहावा लागतो. शहामृगाच्या पिसाच्या तंतूंना एकमेकांत अडकणारे आकडे नसतात, म्हणून ते मोकळे, मऊ लोंबतात. दांडीच्या दोन्ही बाजूंना पिसाची रुंदी सारखी असते. तुम्ही पाठवलेली पिसे आखूड आहेत, टोकाला चपटी आहेत, आणि एका बाजूला अरुंद. ती टर्कीची आहेत. वर्णनात दोन थर होते, इथे एकच आहे. मधून काड्या उघड्या दिसतात, आणि पंख्याआड झाकणे हाच ज्या नाचाचा जीव, तिथे हे चालत नाही. पिसे काडीला दोऱ्याने किंवा तारेने बांधायची असतात. तुमची गरम ग्लूने चिकटवलेली आहेत. बंद पार्सल उन्हात तापल्यावर ग्लू सैल झाला आणि खोके उघडताच पिसे तळाशी पडलेली सापडली. पिसे हवाबंद प्लास्टिकमध्ये, सिलिका जेलशिवाय भरली होती. त्यांना बुरशीचा वास येतो.

स्टॉकिंगबद्दल थोडक्यात. ‘फुली फॅशन्ड’ म्हणजे सपाट विणून, पोटरीपाशी टाके कमी करत आकार दिलेले आणि मग मागे जोडलेले. त्यात वरच्या पट्टीत शिवणीच्या शेवटी छोटे भोक आणि पोटरीवर टाक्यांच्या खुणा दिसतात. तुमचे स्टॉकिंग गोल विणून मागे नुसता काळा दोरा चालवलेले आहेत. चार पावले टाकली की ती रेघ फिरून नडगीकडे येते. खरे फुली फॅशन्ड फारसे ताणत नाही, म्हणून ते पावलाच्या मापाने विकतात. ‘फ्री साइज’ लिहिले तेव्हाच ते तसे नव्हते, हे तुमच्या दुकानाला माहीत असायला हवे होते.

एक सूचनाही. एकाच कॉर्सेटवर तुम्ही ‘व्हिक्टोरियन’ आणि ‘1950चे’ असे दोन्ही लिहिता. 19व्या शतकाच्या उत्तरार्धातले कॉर्सेट छातीपासून नितंबापर्यंत येते. 12 फेब्रुवारी 1947 रोजी फ्रेंच वेशभूषाकार क्रिस्तियाँ दिओर यांनी बारीक कंबर आणि घेरदार झग्याची जी तऱ्हा आणली, तीच ‘1950ची’ तऱ्हा, आणि तिच्याखाली फक्त कंबरेपुरता आखूड पट्टा पुरतो. घेणारी या शब्दांवर विसंबून माप निवडते.

आमची मागणी अशी: तिन्ही वस्तूंची पूर्ण रक्कम ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात परत करावी, कूपन किंवा बदली माल नको. परत पाठवण्याचा कुरिअरचा खर्च कंपनीने द्यावा. उसवलेले कॉर्सेट पुरावा म्हणून आमच्याकडे राहील, बाकी पाच पाठवतो. आणि ‘स्टील बोन’, ‘कूटील’, ‘शहामृग’ हे शब्द पानावरून काढावेत किंवा तसा माल द्यावा.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात करणे बंधनकारक आहे. सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. आमचे पथक हौशी आहे. हे कपडे आम्ही विकत नाही, भाड्यानेही देत नाही, म्हणून ‘व्यावसायिक खरेदी’ हे कारण पुढे करू नये. मुदतीत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आणि त्यानंतर उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू.

बिलाची प्रत, उत्पादनाच्या पानाचे स्क्रीनशॉट, चुंबकाच्या चाचणीचा व्हिडिओ आणि अकरा फोटो सोबत जोडले आहेत. उत्तर लेखी द्यावे. फोनवरचे आश्वासन ग्राह्य धरणार नाही.

आपल्या ग्राहक,
वेशभूषा विभाग,
हौशी महिला पथक, पणजी, गोवा