डुकरिणीला वळण्यापुरती तरी जागा द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राष्ट्रीय पशुधन अभियानातून 100 माद्या व 10 नरांच्या वराहपालन केंद्राला भांडवली खर्चाच्या निम्मे, कमाल 30 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. एकट्या धानावर भागत नसल्याने आमच्या भंडारा जिल्ह्यातील तरुण या धंद्याकडे वळत असतील, तर त्यात गैर काहीच नाही. माझी तक्रार जनावर कोंडण्याच्या पद्धतीबद्दल आहे.

गेल्या मे महिन्यात मी असेच एक शेड पाहिले. लोखंडी नळ्यांच्या जेमतेम दोन फूट रुंद आणि सात फूट लांब पिंजऱ्यांत गाभण माद्या ओळीने उभ्या होत्या. त्यांतली एक समोरची नळी सारखी चावत होती. तेवढ्याच जागेचा रंग उडून लोखंड चकचकीत झाले होते आणि खाली सिमेंटवर तिच्या तोंडाचा फेस साचला होता. गाभणकाळ सुमारे 114 दिवसांचा. तेवढा काळ तिला पिंजऱ्यात उठबस करता येते, पण वळता येत नाही. त्यात डुकराला अंग थंड होईल असा घाम येत नाही, म्हणूनच ते चिखलात लोळते. पारा 45 अंशांवर गेलेला असताना तापल्या पत्र्याखाली त्याची ही सोयसुद्धा काढून घेणे मला अमानुष वाटते.

मोकळी डुकरीण व्यायच्या आधी तोंडाने तणस ओढून नेऊन कोपऱ्यात पिल्लांसाठी जागा करते, हे मी लहानपणी गावात अनेकदा पाहिले आहे.

एकत्र ठेवलेल्या माद्या चाऱ्यावरून भांडतात आणि पिल्ले आईखाली चिरडतात, असे पिंजऱ्याच्या बाजूने सांगितले जाते. ते खोटे नाही. पण खाण्याच्या जागा वेगवेगळ्या करून आणि विण्याच्या खोलीत भिंतीलगत वीतभर उंचीवर आडवी नळी बसवून हे नुकसान पुष्कळ टाळता येते. युरोपीय संघाने 2013 पासून गाभणकाळाचे पहिले चार आठवडे आणि व्यायच्या आधीचा आठवडा सोडून असे पिंजरे बंद केले आहेत. जनावराला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे आपल्याकडेही 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

पशुसंवर्धन विभागाने अनुदानाचा प्रस्ताव तपासताना शेडच्या नकाशात गाभण मादीला वळायला जागा, बसायला तणस आणि उन्हाळ्यात अंगावर पाणी यांची सोय आहे की नाही, हे पाहूनच मंजुरी द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एकदा नळ्या सिमेंटमध्ये रोवल्या गेल्या की कर्जात बुडालेला शेतकरी त्या उपटणार नाही.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. भंडारा