वरच्या मजल्यावरच्या वहिनींना

प्रिय वहिनी,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही हैदराबादला गेल्यापासून रात्री अकरानंतर वरच्या मजल्यावर दिवा दिसत नाही. जाण्याआधीच्या त्या रात्री तो दिसला म्हणूनच तुमची बेल वाजवायचं धाडस झालं. तुमची नाइट शिफ्ट चालू, गळ्यात हेडफोन, आणि दारात मी, बनियनवर शाल पांघरून. "वहिनी, बाबांची कीर्तनं गेली," एवढंच मी म्हणालो, हे तुम्ही नंतर अख्ख्या सोसायटीला सांगितलंत. तेव्हा चारचौघांत आभार मानायचा हक्क आता मलाही आहे.

बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे एका जुन्या डेस्कटॉपमध्ये ४-४ टीबीच्या चार डिस्का रेड ५ मध्ये, म्हणजे चारांची मिळून एकच मोठी डिस्क दिसेल अशा, जोडलेल्या आहेत. वापरायला १२ टीबी मिळतात. एक डिस्क गेली तर निभावतं, दोन गेल्या की सगळंच गेलं. त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट चालतं, घरच्या फाइली एका जागी सांभाळणारी प्रणाली. मुलांचे फोटो, सिनेमे, आणि बाबांच्या नारदीय कीर्तनांच्या १४३ कॅसेट, ज्या मी तीन हिवाळे बसून एकेक करून उतरवल्या. ओपनमीडियाव्हॉल्टची सहावी आवृत्ती डेबियन या लिनक्सच्या ११ व्या आवृत्तीवरची, सातवी डेबियन १२ वरची. सातवी येऊन कितीतरी महिने झाले तरी मी अंग चोरत होतो. शेवटी दिवाळीच्या साफसफाईत मुहूर्त लागला. अपग्रेडची आज्ञा दिली, सगळं सुरळीत पार पडलं, आता रीस्टार्ट करा असं पडद्यावर आलं. मी म्हटलं, नाहीतरी बंद करायचंच आहे, तर झाकण उघडून धूळही काढून टाकू.

पुन्हा चालू केलं तर एकही फोल्डर उघडेना. रेडचा मेनूच गायब! अर्धा तास इकडेतिकडे शोधून मी एमडीएडीएमची (रेड जोडणाऱ्या प्रोग्रामची) 'क्रिएट'वाली, म्हणजे रेड नव्याने बनवायची, एक ओळ टाइप करून ठेवली होती. त्यातली डिस्कांची नावंसुद्धा दुसऱ्याच कुणाच्या मशिनची होती.

तुम्ही आलात, पडद्याकडे एकदा बघितलंत आणि विचारलंत, "भाऊजी, एंटर दाबलं नाहीत ना?" नाही म्हटल्यावर स्टूल ओढून बाजूला बसलात. कीबोर्डला हात लावला नाहीत. "तुम्हीच टाइप करा, मी सांगते. पण ही ओळ आधी पुसा." तेव्हा मनातून थोडा राग आला होता, खरं सांगतो. दोन मिनिटांत स्वतः करून मोकळं व्हायचं सोडून या बाईंनी शाळा काय मांडलीय! आज त्याच शाळेसाठी हे पत्र आहे.

आधी डिस्कांची यादी मागवलीत. चारांपैकी दोनच दिसत होत्या. "ज्या डिस्का मशिनलाच दिसत नाहीत, त्यांचं खापर अपग्रेडवर कशाला?" मशीन बंद करून तुम्ही टॉर्च धरलात. दोन डिस्कांना वीज एकाच स्प्लिटरमधून, म्हणजे दोन फाटे फुटणाऱ्या वायरीतून, जाते आणि माझ्या ब्रशने तो अर्धवट निघाला होता. टक् करून बसला. चालू केल्यावर चारही डिस्का हजर, अॅरे, म्हणजे चारांचा संच, आपला आपण जोडला गेला आणि एमडीस्टॅट या रेडच्या स्थितीच्या फाइलमध्ये चार 'यू' ओळीने उभे, चालू असलेल्या प्रत्येक डिस्कचा एक. मग प्रत्येक डिस्कवरचा 'इव्हेंट्स'चा, म्हणजे अॅरेतल्या बदलांच्या मोजणीचा, आकडा तुम्ही मला मोठ्याने वाचायला लावलात. चारही सारखे. फक्त दोन डिस्का दिसत असल्याने अॅरे सुरूच झाला नव्हता, म्हणून कुठलीही डिस्क मागे राहिली नव्हती.

मेनूचं कारण तर निराळंच निघालं. सातव्या आवृत्तीत रेडचा भाग मुख्य प्रणालीतून काढून वेगळा प्लगइन, म्हणजे वरून टाकायचा जोडभाग, केलाय. ओपनमीडियाव्हॉल्ट-एमडी टाकलं आणि मेनू परत आला. दोन वेगळी कारणं एकाच रात्री एकत्र आली आणि मी त्यांची एक मोठी आपत्ती करून टाकली.

पण ज्याने माझी भीती गेली ते तुम्ही चहा पिताना सांगितलंत. डिस्क कितवी, एकूण किती, पट्टे केवढे, ही माहिती सिस्टिमच्या ड्राइव्हवर नसतेच. ती प्रत्येक डिस्कवर, सुपरब्लॉक नावाच्या छोट्या नोंदीत लिहिलेली असते. आमच्यासारख्या १.२ प्रकारच्या नोंदीत डिस्कच्या सुरुवातीपासून ४ केबीवर. सिस्टिमचा ड्राइव्ह, म्हणजे आमचा एसएसडी, जळाला तरी डिस्का एकमेकींना ओळखतात. 'असेंबल' म्हणजे त्यांना विचारून जोडणं, आणि 'क्रिएट' म्हणजे जुनं नाव पुसून पुन्हा बारसं करणं. म्हणजे त्या रात्री घरात धोकादायक फक्त मी होतो.

बोलणीही खाल्ली. "रेड म्हणजे बॅकअप नव्हे" हे मी कुठेतरी वाचलं होतं, पण १२ टीबीचा बॅकअप कुठे ठेवायचा म्हणून सोडून दिलं होतं. तुम्ही विचारलंत, परत मिळणार नाही असं त्यात किती आहे? नव्वद मिनिटांची कॅसेट साधारण ३ जीबी, म्हणजे १४३ कॅसेटांचे ४४० जीबीच्या आसपास. सिनेमे गेले तर गेले. ४४० जीबी तर १ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर अर्ध्यात मावतात! इतकी वर्षं हा हिशेब मी केलाच नव्हता. आता ती डिस्क भाच्याकडे सांगलीला असते.

कॅबिनेटच्या आत तुमच्या अक्षरातली चिठ्ठी अजून चिकटलेली आहे: चारही डिस्कांचे सीरियल नंबर आणि कुठली कोणत्या केबलवर. मशीन डिस्कांना देतं ती एसडीए, एसडीबी ही नावं दर वेळी चालू करताना बदलू शकतात, नंबर बदलत नाहीत, म्हणून. गेल्या महिन्यातले अपडेट मी एकट्याने केले. आधी स्मार्टचा, म्हणजे डिस्कांच्या तब्येतीचा, अहवाल पाहिला, पेंडिंग सेक्टर (वाचता न येणारे संशयित तुकडे) शून्य. एसएसडीची हुबेहूब प्रत काढली, यूपीएस चार्ज आहे ना बघितलं. झाकण उघडलं नाही. धूळ आहे, राहू दे. रीस्टार्टनंतर चार 'यू' दिसेपर्यंत मात्र घशाखाली घोट उतरला नाही.

तुमचा टॉर्च आमच्याकडेच राहिलाय, आणि चकल्यांचा स्टीलचा डबाही. डबा रिकामा पाठवायचा नाही असं हिचं म्हणणं, म्हणून चिवडा होईपर्यंत थांबलोय. त्यातच एक पेनड्राइव्ह ठेवतो. तुम्ही त्या रात्री चाचणी म्हणून लावलेलं कीर्तन पूर्वरंगातच थांबवलं होतं, तुमचा कॉल आला म्हणून. उत्तररंग त्यात आहे.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा भाऊजी