चित्राखाली गाव आणि साल छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला बालीवरचा लेख वाचला. लेखाबद्दल माझं काही म्हणणं नाही. तक्रार आहे ती सोबत छापलेल्या चित्राखालच्या ओळीबद्दल. देवळाच्या दाराचं शाईतलं रेखाटन, चित्रकार डब्ल्यू. ओ. जे. न्यूवेनकाम्प, आणि खाली लिहिलंय: 'बालीतील प्राचीन मंदिर, एका युरोपीय चित्रकाराच्या कल्पनेतून'. या ओळीतलं 'प्राचीन' चुकलंय, 'कल्पनेतून'ही चुकलंय, आणि जे छापायला हवं होतं ते गाव आणि साल कुठेच नाही.

मी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना आरेखन शिकवत असे. टेप धरून इमारत मोजायची आणि ती कागदावर उतरवायची, हा माझा विषय. न्यूवेनकाम्पची चित्रं मी वर्गात वापरायचे आणि मुलांची पहिली प्रतिक्रिया तुमच्या उपसंपादकांसारखीच असायची: मॅडम, एवढी नक्षी खरी असेल का? पानं, वेली, राक्षसांचे डोळे, त्यांच्या मागे पुन्हा पानं. रिकामी जागाच नाही. ह्या माणसाने घरी बसून भर घातली असणार. नाही हो. बालीच्या उत्तर किनाऱ्यावर, बुलेलेंग भागात, देवळं खरोखर अशीच आहेत. सांग्सितचं पुरा बेजी बघा. ते भातशेतीचं देऊळ, देवी श्रीचं. तिथला दगड गुलाबीसर आणि इतका मऊ की कोरणाऱ्याचा हात थांबतच नाही. दक्षिणेकडे लाल विटांची सपाट भिंत ठेवून तिच्यात करड्या दगडाची नक्षी मोजून मापून बसवतात, त्यामुळे डोळ्याला विसावा मिळतो. उत्तरेत तो मिळत नाही. न्यूवेनकाम्पला अलंकरणाची हौस होती हे मान्य, तो त्या काळच्या डच सजावटी रेषेत वाढलेला माणूस होता. पण इथे हौस आणि समोरची वस्तू यांची गाठ पडली.

आता 'प्राचीन'. न्यूवेनकाम्प बालीत प्रथम आला 1904 मध्ये, तिशीत. उत्तर बालीतली देवळं त्याने सायकलवरून पाहिली. कुबुतांबाहान गावचं पुरा मेदुवे करांग हे त्या भागातलं प्रसिद्ध देऊळ 1890 च्या सुमाराचं समजतात. म्हणजे त्याची सायकल तिथे पोचली तेव्हा ते जेमतेम पंधरा वर्षांचं होतं. बालीत देऊळ जुनं दिसायला वेळ लागत नाही. पारास नावाचा तिथला दगड म्हणजे घट्ट झालेली ज्वालामुखीची राख. खाणीतून काढल्यावर तो सहज कोरता येतो, पण पाऊस आणि शेवाळ तितक्याच सहजपणे त्याला खातात. काही दशकांत नाकं-डोळे बोथट होतात आणि गावकरी नवा दगड आणून पुन्हा कोरून घेतात. यात त्यांना गैर वाटत नाही. जागा तीच, देव तोच, विधी तेच. दगड बदलला तर बदलला.

म्हणूनच साल महत्त्वाचं. 21 जानेवारी 1917 ला बालीत मोठा भूकंप झाला. हजाराहून जास्त माणसं गेली, घरं आणि देवळं मोठ्या संख्येने पडली, बेसाकीच्या मुख्य देवस्थानालाही तडाखा बसला. त्यानंतर जे उभं राहिलं ते काही ठिकाणी आधीसारखं होतं, काही ठिकाणी नव्हतं. रेखाटन भूकंपाच्या आधीचं की नंतरचं, यावर त्याची किंमत ठरते. त्या काळचे फोटोही आहेत, नाहीत असं नाही. पण काळवंडलेल्या ओल्या दगडावरची नक्षी फोटोत एकमेकींत मिसळून जाते. आरेखन करणारा मात्र प्रत्येक वेलीला ठरवतो की ही पुढची आणि ती मागची. साल छापलं नाही तर हा सगळा पुरावा नुसती शोभेची वस्तू होतो.

इतकी बाजू घेतल्यावर त्याच्या चित्रांतला एक दोषही सांगते. ही माझी तक्रार जुनी आहे. तुमच्या लेखात ती आलेली नाही.

युरोपातून आलेल्या डोळ्याला इमारतीचं तोंड लागतं. समोर उभं राहायचं, मध्यरेषा धरायची आणि दर्शनी बाजू काढायची. बालीच्या देवळाला असं तोंडच नसतं. ते म्हणजे एकामागोमाग एक अंगणं, बहुधा तीन, भिंतींनी वेढलेली आणि वरून उघडी. अंगणात छोटे चौथरे, खांबांवरचे मंडप, ताडाच्या काळ्या तंतूंनी शाकारलेले, आणि मेरू, म्हणजे एकावर एक विषम संख्येच्या छपरांचे मनोरे. अकरा छपरांपर्यंत जातात ते. दार हे या सगळ्याचं प्रास्ताविक. न्यूवेनकाम्पने आणि त्याच्यानंतर आलेल्यांनी दारंच इतकी काढली की बाली म्हणजे दार, असं जगाला वाटू लागलं.

त्यातही जे बाहेरचं दुभंगलेलं दार असतं, चंडी बेंतार, त्याचं समोरून काढलेलं चित्र अर्धंच असतं. एक शिखर मधोमध उभं चिरून दोन भाग बाजूला सारावेत तशी त्याची रचना. बाहेरच्या बाजू नक्षीने भरलेल्या, पण चिरलेल्या आतल्या दोन बाजू गुळगुळीत, कोऱ्या, सरळ खाली उतरणाऱ्या. माणूस जातो तो या दोन कोऱ्या भिंतींमधून. समोरून काढलेल्या चित्रात ती अख्खी भिंत एका उभ्या रेषेत संपते. आतलं दुसरं दार, कोरी अगुंग, त्याचंही तेच. दारावर डोळे वटारलेल्या भोमाचं डोकं, म्हणजे आपल्या पुराणांतला भूमिपुत्र भौमासुर, ते चित्रात हमखास असतं. पण दार ओलांडताच समोर आडवी भिंत येते आणि माणसाला वळसा घ्यायला लावते, ती नसते. मी मुलांना सांगायचे, समोरचं दृश्य काढलंत, आता त्याचा आराखडा काढा. मग त्यांच्या लक्षात यायचं की चित्रात किती कमी होतं.

घरांची तर युरोपीय चित्रांत फारच आबाळ. बालीचं घर म्हणजेही एक अंगण आणि त्याभोवती सुटे मंडप: झोपायचा वेगळा, विधींचा वेगळा, स्वयंपाकाचा वेगळा, धान्याचा वेगळा. डोंगराकडची दिशा पवित्र, समुद्राकडची खालची. देवघर डोंगर आणि उगवती यांच्या कोपऱ्यात, स्वयंपाकघर समुद्राच्या बाजूला. त्यामुळे उत्तर बाली आणि दक्षिण बाली यांची 'वर' आणि 'खाली' चक्क उलट होते, कारण डोंगर मधे आहेत. बांधणारा जाणकार, त्याला उंडागी म्हणतात, मापं घेतो ती घरमालकाच्या अंगाची: पसरलेल्या हातांची वाव, कोपरापासूनचा हात, मूठ, पाऊल. मंडपांमधली अंतरंही पावलांनी. शिवाय मापाला थोडं वरचं माप जोडतात, त्याने वास्तूत जीव येतो अशी श्रद्धा. खांब उभा करताना झाडाची मुळाकडची बाजू खालीच हवी. मी टेप घेऊन शिकवलेली बाई, मला हे वाचून हेवा वाटला होता. यातलं कुठल्याही चित्रात कसं यावं? पण मग चित्र दाखवून 'बालीची वास्तुकला' असं म्हणू नये.

लेखात न आलेली आणखी एक गोष्ट. 1906 मध्ये न्यूवेनकाम्प पुन्हा बालीत होता, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डच सैन्य सानुरला उतरलं. 20 सप्टेंबरला दक्षिण बालीतल्या देनपसारचा राजा आणि त्याचा गोतावळा, बायका-मुलांसह, शुभ्र वस्त्रं नेसून बंदुकांसमोर चालत गेला आणि मेला. राजवाडा जळून गेला. न्यूवेनकाम्प तेव्हा लायडनच्या संग्रहालयासाठी वस्तूही जमवत होता. मी त्याला लुटारू म्हणत नाही, पण त्या मोहिमेच्या आडोशाने तो दक्षिण बालीत फिरला, हे त्याची चित्रं छापताना एका वाक्यात सांगायला हरकत नाही. बाडुंगच्या, म्हणजे देनपसारच्या त्या राज्याच्या, युद्धातल्या वस्तू नेदरलँड्सने इंडोनेशियाला परत दिल्या त्या 2024 मध्ये.

आणि दारांचं पुढे काय झालं? पी. ए. जे. मोयेन या डच वास्तुविशारदाने भूकंपानंतरच्या डागडुजीत पुढाकार घेतला, 1926 मध्ये बालीच्या कलेवर जाडजूड ग्रंथ काढला आणि 1931 च्या पॅरिसच्या वसाहत प्रदर्शनात डच दालन उभारलं. त्यात बालीचे मेरू आणि दार होतं, जवळच सुमात्रातल्या मिनांगकाबाऊंची शिंगांसारखी छपरं. जूनच्या अखेरीस ते जळालं, आतल्या अनमोल वस्तूंसकट. मग दालन पुन्हा बांधलं. आज चंडी बेंतार हॉटेलांना आहे, बँकांना आहे, देनपसारच्या विमानतळालाही आहे. अंगणं मात्र कुणी उचलून नेली नाहीत, त्यांचा फोटो चांगला येत नाही.

कुबुतांबाहानला मी गेले होते. कंबरेला वस्त्र गुंडाळून, पट्टा बांधून आत जायचं. आतल्या उंच चौथऱ्याच्या भिंतीवर सायकलवर बसलेल्या माणसाचं शिल्प आहे. चाक म्हणजे उमललेलं कमळ, अंगावरचं वस्त्र फुलाफुलांचं. हा न्यूवेनकाम्पच, असं सर्वत्र मानतात. परदेशी माणूस दारं काढत फिरला आणि स्थानिक कारागिराने त्यालाच भिंतीवर बसवलं. पण 1917 च्या भूकंपात हे शिल्पही फुटलं. आज दिसतं ते दुरुस्तीतलं, आणि दुरुस्तीत त्याची फुलं वाढली असं जाणकार सांगतात. एका सहप्रवाशाने तिथे 'किती प्राचीन!' असा उद्गार काढलाच. मी काही बोलले नाही. वही काढून चाकाच्या पाकळ्या उतरवू लागले.

लेखाच्या शेवटी म्हटलंय की पुढच्या रविवारी वॉल्टर श्पीस या जर्मन चित्रकाराची चित्रं येणार. श्पीस 1927 पासून बालीत, उबुदजवळ राहिला. त्याच्या चित्रांत धुकं, तिरका उजेड, एकाच चित्रात दोन-तीन क्षितिजं. घरं म्हणजे झाडांतली छपरं. सुंदर आहेत, पण त्यांत बांधकाम शोधू नये. त्याच पानावर बालीचेच चित्रकार इ गुस्ती न्योमान लेंपाड यांचं एखादं रेखाटन छापता येईल का पाहा. 1936 मध्ये श्पीस आणि लेंपाड हे दोघेही पिता महा या चित्रकारांच्या संघाच्या स्थापनेत होते. लेंपाड स्वतः उंडागी. उबुदचं कमळतळ्यामागचं सरस्वतीचं देऊळ त्यांच्या हातचं. 1978 मध्ये गेले तेव्हा शंभरी ओलांडलेली. दारं रचण्यात, कोरण्यात आयुष्य घालवलेल्या या माणसाच्या चित्रांत बहुतेकदा नुसती माणसं आणि देव असतात, बारीक रेषेत, भोवती कोरा कागद. मी श्पीस आणि लेंपाड शेजारी-शेजारी ठेवून मुलांपुढे धरायचे आणि विचारायचे, यातला इमारत बांधणारा कोण? बहुतेक जण चुकायचे.

श्पीसच्या चित्राखालीही साल हवं. जागा कमी पडत असेल तर मथळा लहान करा.

आपली,
एक निवृत्त आरेखन-शिक्षिका