मिसरीला बंदी, गोळीला मुभा

संपादक महोदय,

‘आमचा वृद्धाश्रम शंभर टक्के व्यसनमुक्त’ अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. माझे मेडिकलचे दुकान आहे आणि परिसरातल्या काही आश्रमांची औषधे माझ्याकडून जातात. त्यामुळे या मुक्तीबद्दल दोन शब्द.

आजी आश्रमात आल्या की पहिल्याच दिवशी मिसरीची डबी काढून घेतली जाते. आयुष्यभर सकाळी मिसरी लावल्याशिवाय ज्यांचे पोट साफ झाले नाही, त्या मग चिडतात, जेवत नाहीत, रात्री जागून इतरांनाही जागवतात. त्यावर झोपेची गोळी सुरू होते. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी लिहिलेली गोळी त्याच चिठ्ठीच्या झेरॉक्सवर वर्ष-वर्ष चालते. मी नाही म्हटले की माणूस पुढच्या दुकानात जातो.

झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम या गोळ्या २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच आणि नोंद ठेवून विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. डॉक्टर, रुग्ण आणि नग यांची वेगळ्या रजिस्टरात नोंद करून ते तीन वर्षे जपावे लागते. हे बंधन माझ्यावर. आश्रमात मात्र पाकिटे एकाच डब्यात पडतात आणि रात्री ज्याचा त्रास जास्त त्याच्या हातावर गोळी ठेवली जाते. उतारवयात ही औषधे शरीरात रेंगाळतात. तोल जातो, बाथरूममध्ये पडून खुबा मोडतो, माणूस गोंधळतो, आणि सगळे म्हणतात, आता वयच झाले. सवय लागल्यावर एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. मिसरी निदान त्यांनी स्वतः धरली होती. ही सवय त्यांना न विचारता लावलेली.

दारूचे प्रकरण याहून गंभीर. रोज पिणाऱ्याला आश्रमात आणून त्याची दारू एका दिवसात तोडली, तर थरथर, भास, फिट, प्रसंगी मृत्यूही. दारू सोडवणे हे काम रुग्णालयाचे आहे.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक स्थितींनाही आजारात धरतो. मनोरुग्णालयाला शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून कुणाला बांधून ठेवता येत नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. मग वृद्धाश्रमात रात्रपाळीला एकच बाई आहे म्हणून दहाजणांना गोळी देऊन निजवणे कसे चालते? ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा जिल्ह्यागणिक किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम काढण्याची तरतूद करतो. त्याच कायद्याखाली राज्य सरकारला आश्रमांतील वैद्यकीय सेवेचे निकष ठरवता येतात. त्यात औषधांच्या नोंदवहीची आणि दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून फेरतपासणीची अट घालावी, आणि ती खासगी आश्रमांनाही लागू करावी.

मिसरीची भलामण मी करत नाही; तोंडाचा कर्करोग तिनेही होतो. खोलीत विडी ओढणाऱ्यालाही रोखलेच पाहिजे, शेजारच्या खाटेवर दमेकरी असतो. पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मिसरी सोडायची की नाही, हे आजींनी ठरवायचे. सोडायची असेल तर १८००-११२-३५६ ही सरकारी मोफत मदतवाहिनी आहे, निकोटिनचा च्युइंगम आहे. डबी हिसकावणे हा उपचार नव्हे.

नातेवाइकांना एकच विनंती. भेटायला जाल तेव्हा फळांची पिशवी देऊन लगेच निघू नका. रात्रीच्या गोळीचे नाव विचारा आणि चिठ्ठीवरची तारीख स्वतः पाहा.

— एक औषधविक्रेता, सातारा जिल्हा