एका चुलीवरची भावंडं कोणत्या कुटुंबात?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आई-वडील गेलेले, लग्न झालं नाही किंवा मोडलं, आणि चाळिशीतली दोघं-तिघं भावंडं बापाच्याच दोन खोल्यांत राहताहेत. परभणी, हिंगोली, बीडकडे अशी घरं गावोगाव आहेत. त्यांच्या सरकारी मदतीचा सगळा घोळ ‘कुटुंब’ या एका शब्दात आहे. उत्पन्न मोजताना भावाची मजुरी बहिणीच्या खात्यात धरतात; मदत द्यायची वेळ आली की तीच भावंडं एकमेकांची कुणीच लागत नाहीत.

संजय गांधी निराधार योजनेत ३५ वर्षांवरची अविवाहित स्त्री बसते, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. महिना १,५०० रुपये मिळतात, दिव्यांगांना २,५००. पण उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० रुपयांची, दिव्यांगांसाठी ५०,०००. रोजची ४०० रुपये मजुरी धरा. भावाला ५३ दिवस काम लागलं की बहिणीचा अर्ज बाद! तलाठी चौकशीला येतात तेव्हा रेशनकार्ड पाहतात. त्यावर दोघांची नावं एकत्र, म्हणून दाखल्यावर उत्पन्नही एकत्र.

चूल खरोखरच वेगळी असेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत कार्ड विभक्त करून घ्यावं. आधी जुन्या कार्डातून नाव कमी झालं का हे ऑनलाइन नोंदीत पाहावं, कारण तिथे आधार अडकून राहिलं तर नव्या कार्डावर नाव चढत नाही. पण पिवळं अंत्योदय कार्ड घाईनं फोडू नका. त्यावर माणसं कितीही असोत, ३५ किलो धान्य कार्डाला मिळतं. प्राधान्य गटात माणशी ५ किलो, म्हणजे तिघांना १५. शिवाय तालुक्याचा इष्टांक, म्हणजे धान्य मिळणाऱ्यांची ठरवून दिलेली संख्या, भरलेला असला तर नवं कार्ड हातात येतं आणि धान्य मात्र येत नाही.

लाडकी बहीण योजनेत एका कुटुंबातली एकच अविवाहित स्त्री पात्र आहे. दोघी बहिणी असतील आणि थोरली पस्तिशीपुढची असेल, तर तिचा अर्ज संजय गांधीत करावा. दोन्हीकडचे १,५०० एकाच बाईला मिळत नाहीत, हेही तिला आधीच सांगावं.

शेतीत मात्र नियम भावंडांच्या बाजूचा आहे आणि तोच वाया जातो. पीएम किसानमध्ये कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. सज्ञान भाऊ आणि बहीण ही दोन वेगळी कुटुंबं ठरतात. दोघांच्याही नावावर जमीन असेल तर दोघांनाही वर्षाला ६,००० रुपये. अडतं ते सातबाऱ्यावर, कारण तिथे अजून मयत वडिलांचंच नाव असतं. मृत्यूचा दाखला जोडून वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नये. फेरफाराच्या, म्हणजे नाव बदलाच्या नोंदीच्या, नोटिशीची १५ दिवसांची मुदत संपली की मंडळ अधिकाऱ्यांकडे स्वतः जाऊन विचारावं. बहिणीचं नाव वारसांत आलं का, हे फेरफार मंजूर होण्याआधीच पाहावं; नंतर ते चढवायला अपिलाच्या चकरा पडतात.

सगळ्यात जाच राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचा आहे. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला साठीच्या आतला कमावता माणूस गेला तर २०,००० रुपये एकरकमी मिळतात. पण तो अविवाहित असेल तर त्याच्या कुटुंबात अवलंबून असलेले आई-वडील आणि अल्पवयीन भावंडंच धरतात. वीस वर्षं त्याच्याच कमाईवर जगलेली, त्याला भाकरी करून घालणारी पंचेचाळीस वर्षांची बहीण त्यात कुठेच नाही. केंद्रानं या व्याख्येत ‘अवलंबून असलेली सज्ञान भावंडं’ एवढे चार शब्द घालावेत. आणि राज्यानं संजय गांधीसाठी उत्पन्न मोजताना भावाची मजुरी बहिणीच्या दाखल्यात धरू नये, असं लेखी परिपत्रक तहसीलदारांना काढावं. तोंडी सांगितलेलं तलाठ्याच्या टेबलापर्यंत पोचत नाही.

आपले,
निराधारांचे अर्ज भरून देणारे कार्यकर्ते, जि. परभणी